भावाच्या मशीनला लावलेला टिळा

खात्यात तोंडाने बोलता येत नाही. खातं म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत सगळे त्याला खातंच म्हणतात. सगळी मशिनं एकदम चालू असली की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला आपलं नुसतं उघडलेलं तोंड दिसतं. म्हणून आम्ही कारीगर ओठ वाचतो आणि उरलेलं हातांनी सांगतो. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. तळहात कपाळावर आडवा धरला की मास्तर, म्हणजे खात्यातला मुकादम, येतोय. आणि पाची बोटं जुळवून तोंडाशी नेऊन भुवया उचलल्या की, ‘जेवना का?’ म्हणजे जेवलास का.

हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला सतरा वर्षं रोज दुपारी विचारला. मशिनांच्या ओळींमधल्या गल्लीच्या या बाजूला माझी सहा मशिनं, त्या बाजूला त्याची सहा. मी मान हलवल्याशिवाय तो स्वतःचा डबा उघडायचा नाही.

मला सुरतेत आणलं त्यानेच. सातवीत शाळा सोडल्यावर मी गावी लोकांच्या शेतात मिळेल ते काम करत होतो. अठरा पूर्ण झाली तसा तो मला घेऊन आला आणि नवागामच्या आपल्या एका खोलीत त्याने मला जागा दिली. वहिनी तेव्हा नवी होती. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. धागा कसा जोडायचा, तेलाची बाटली कुठे दडवायची, शेठ रागात असला तर कोणत्या दाराने बाहेर पडायचं, सगळं त्याने शिकवलं. पुढे माझं लग्न झालं तेव्हा समोरच्या ओळीतली खोलीही त्यानेच बघून दिली. गल्ली एवढी अरुंद की त्याच्या धाब्यावरचं, म्हणजे गच्चीवरचं, वाळवण माझ्या धाब्यावरून मोजता यावं.

मी स्वभावाने भित्रा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. मशीन नीट चालू असलं तरी मला वाटतं आता बंद पडेल. भावाच्या समोर उभं राहून ही भीती निम्मी व्हायची, एवढं मला आता कळतं.

दर दिवाळीला खातं बंद झालं की आम्ही सगळे खानदेशात गावी जायचो. उधना स्टेशनवर गाडीत चढायचं, दिवाळीनंतर खातं पुन्हा उघडतं त्या लाभपाचमेच्या आत परत यायचं. त्यामुळे सुरतेचा जो खरा मौसम, दसऱ्यापासून उत्तरायणापर्यंतचा, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा, तो आमच्यासाठी अर्धामुर्धाच असायचा. पहिल्या अर्ध्यात बाराबारा तासांची पाळी, आणि ऐन दिवाळीत आम्ही शहराबाहेर. या वर्षी माझी मुलगी, आठवीतली, म्हणाली, “पप्पा, माझ्या मैत्रिणी विचारतात दिवाळीत सुरत कशी दिसते. मी इथेच जन्मले आणि मला ते माहीतच नाही.”

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “बघता काय? मलाही नाही माहीत.”

म्हणून ठरवलं की यंदा राहायचं. फिरायचं. थकलेल्या पायांनी का होईना, हे शहर एकदा बघायचं.

सुरुवात चांदणी पडव्याने केली. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी अख्खी सुरत घारी, म्हणजे तुपात घोळलेली मावा-मेव्याची मिठाई, खाते, आणि घरात बसून खात नाही. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, जिथे जागा मिळेल तिथे चादर पसरून खाते. मी पाळीवरून आलो होतो. कानात मशिनं अजून चालूच होती. तरी दिवे लागायच्या सुमाराला आम्ही निघालो, आणि भाऊ-वहिनीलाही ओढून नेलं. गाड्या जात होत्या आणि आम्ही पाच जण चादरीवर मांडी घालून बसलो होतो. शेजारी एक गुजराती कुटुंब होतं, आजोबांसाठी त्यांनी चक्क खुर्ची आणलेली.

भावाने घारीचा एक घास घेतला आणि बोटं बघितली. “हाई काय शे रे? निरं तूप शे!” तो अहिराणीतच बोलतो, तेही मोठ्याने. लूमवाले सगळेच मोठ्याने बोलतात. “हाई खाईसन उद्या खात्यात झोप येई.”

“थोडी खा, भूसं जास्त खा,” वहिनी म्हणाली. भूसं म्हणजे घारीबरोबरचं तिखट फरसाण.

“दिवाळीले नही येस म्हने तू,” तो मला म्हणाला. “सुरती व्हई गया आते.”

“एकच वर्ष. पोरगी म्हणते.”

“आईले काय सांगू? पोरगं घारीत बुडनं म्हनीसन?”

सगळे हसलो. मग तो म्हणाला, “ऱ्हाय तू. आईले मी सांगसू.” आणि उरलेली घारी मुलीच्या हातात दिली. त्याचा हा शेवटचा हसरा चेहरा मला अजून आठवतो, कारण नंतर तसं हसू मला फार दिवस दिसलं नाही.

दिवाळीत खरोखर फिरलो. चौकातली रोषणाई बघितली, बाजाराच्या गर्दीत बायकोची चप्पल तुटली, डुमसच्या समुद्रावर जाऊन काळी वाळू बघितली आणि टोमॅटोची भजी खाल्ली. मुलगी प्रत्येक ठिकाणी फोटो काढत होती. फोटोत मी सगळीकडे डोळे मिटलेला आहे. बायको म्हणते झोपलेला आहे. तिचं खोटं नाही. सतरा वर्षांची झोप बाकी होती आणि मी तिला रोषणाई दाखवत फिरत होतो. पण बरं वाटलं. परक्या शहरात आपण कामाशिवायही उभं राहू शकतो, कुणी हटकत नाही, हे बरं वाटलं.

लाभपाचमेच्या आदल्या दिवशी भावाचा गावाहून फोन आला. वहिनीला ताप भरला होता. “दोन-तीन दिवस उशीर व्हई. मास्तरले सांग. अन् मन्हा मशीनकडे ध्यान ठेव.”

लाभपाचमेला खात्यात मुहूर्त असतो. शेठ येतो, नारळ फुटतो, आणि जो तो कारीगर आपापल्या मशीनला कुंकवाचा टिळा लावून ते सुरू करतो. आमच्या खात्यातली जुनी रीत अशी की मुहूर्ताला ज्याच्या हाताने मशीन सुरू झालं, वर्षभर ते त्याचं. ही रीत मला ठाऊक होती. पण रीत ठाऊक असणं आणि ती आपल्यावर येईल असं वाटणं यात अंतर असतं. मी माझ्या सहा मशिनांना टिळा लावला. समोर भावाची सहा उघड्या कपाळाची उभी होती. सगळं खातं सजलेलं, आणि तेवढीच तशी. मला बघवेना.

आमच्याकडे पोळ्याला शेजारी गावाला गेला असेल तर त्याचा बैल कोणी तसाच ठेवत नाही. आपल्या बैलाबरोबर त्यालाही धुतात, टिळा लावतात, पोळी चारतात. त्याने तो बैल आपला होत नाही. शेजारी आल्यावर उलट म्हणतो, बरं केलंस. माझ्या डोक्यात एवढंच होतं. मी ताट घेऊन गल्ली ओलांडली, सातपासून बारापर्यंत सहाही मशिनांना टिळा लावला आणि एकेक करून सुरू केली.

मास्तर मागे उभा होता. तोंडाने बोलून उपयोग नव्हता. त्याने आधी माझ्याकडे बोट केलं, मग बाराही मशिनांवरून हात फिरवला आणि मान डोलावली. मला वाटलं, शाबास म्हणतोय.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. मास्तरने त्याला दाराशीच थांबवलं. “तारी मशीन तो तारा भाईए चालू करी. हवे ए ज संभाळशे.” म्हणजे तुझी मशिनं तुझ्या भावाने सुरू केली, आता तोच सांभाळेल. एका माणसाकडून बारा मशिनं चालवून घेता येत असतील तर शेठला दुसरा माणूस कशाला हवा? मास्तरचे ओठ वाचून मी धावत बाहेर आलो. मास्तरला गुजरातीत, हिंदीत, जमेल तसं सांगितलं की मी भावासाठीच सुरू केली होती. तो म्हणाला, “बारा नको असतील तर तसं सांग. मग तुझी सहासुद्धा दुसऱ्याला देतो.”

आणि मी गप्प बसलो.

हे लिहिताना मला पुष्कळ कारणं सुचतात. मुलीची शाळा, खोलीचं भाडं, माझा भित्रा स्वभाव. पण झालं ते एवढंच. मी गप्प बसलो आणि भावाने ते पाहिलं.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि पोळ्याचं सांगितलं. तो पाय धूत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बैलले माहीत ऱ्हास आपला धनी कोन शे. मशीनले काय माहीत?” मग तांब्या उपडा ठेवला आणि आत गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही.

त्याला उधन्यात आतल्या बाजूला दुसऱ्या खात्यात काम मिळालं. मशिनं जुनी, रस्ता लांब. सकाळी तो माझ्या आधी सायकल काढायचा. मी बारा मशिनांमध्ये धावायचो. एका टोकाचा धागा जोडला की दुसऱ्या टोकाचं मशीन बंद. हातात पैसे जास्त येऊ लागले, आणि डबा उघडायची आठवण राहीनाशी झाली. समोरून विचारणारं कोणी नव्हतं.

त्यातून नऊ नंबर. थंडी पडली तसं ते मशीन बिथरलं. कोरड्या हवेत धागे एकमेकांना चिकटायचे आणि तुटायचे. बाकीच्या मशिनांचेही तुटत, पण नऊचे घटकाघटकाला. भावाकडे असताना ते हिवाळ्यात कधी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. तो काय करायचा ते मी कधी विचारलं नव्हतं. तो होता, मग विचारायचं कशाला? मास्तर येऊन बोटांची कात्री करायचा आणि भुवई चढवायचा.

एका सुटीला मुलीने पोंकचं काढलं. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. थंडीत तापीच्या काठी त्याचे मांडव लागतात आणि सुरतकर तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर आणि साखरेच्या दाण्यांबरोबर खातात. माझी जायची ताकद नव्हती. गेलो. मुलगी वाटी भरभरून खात होती, बायको पोंकवडे घेत होती. मी पहिला दाणा तोंडात टाकला आणि मला भाऊच दिसला. गावी शेकोटीवर कणसं भाजून गरम गरम तळहातांवर चोळायचा, फुंकर मारून पहिला हुरडा मला द्यायचा. हाताला फोड आले तरी म्हणायचा, “तू खाय.”

“खा ना,” बायको म्हणाली. “एवढं लांब आलोय.”

“त्यांच्यासाठी बांधून घे.”

तिने एक पुडा बांधून घेतला. घरी आल्यावर स्टीलच्या डब्यात पोंक भरून ती समोर देऊन आली. दुसऱ्या दिवशी वहिनीने डबा परत पाठवला, आणि रिकामा पाठवला नव्हता. आत मेथीचे चार लाडू होते.

“भाऊने दिले?” मी विचारलं.

“वहिनींनी. उगा आनंदू नका.”

संक्रांत जवळ आली तसं आकाश पतंगांनी भरू लागलं आणि माझ्या जिवाला नवा घोर लागला. या दिवसांत सुरतेत सायकलवरून जाणाऱ्याच्या गळ्यात कधी मांजा येईल सांगता येत नाही. भाऊ आता लांबच्या रस्त्याने जात होता. माझ्यामुळे जात होता. मी वहिनीला नळावर गाठलं. “भाऊला म्हणावं, गळ्याला मफलर गुंडाळून जा.”

“तुम्हीच सांगा.”

“माझं ऐकेल का तो?”

“ऐकतील न ऐकतील. सांगून तर बघा.” मग बादली उचलताना ती म्हणाली, “गुंडाळतात ते. मी बांधून देते रोज.”

तिळगूळ पाठवायचा धीर मला झाला नाही. गोड बोला म्हणायचं, तर आधी बोलणं हवं.

उत्तरायणाच्या दिवशी सकाळपासून सगळं नवागाम धाब्यांवर होतं. प्रत्येक धाब्यावर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि मधूनमधून “काप्यो छे!” असा गलका. मुलगी पतंग उडवत होती आणि मी तिच्यामागे फिरकी धरून उभा होतो. वर बघून मान धरली होती. उभ्या उभ्या डोळा लागत होता आणि “पप्पा, ढील द्या!” म्हटलं की जाग येत होती. बायको खालून उंधियु आणि जिलेबी घेऊन आली, ती काहीतरी सांगत होती, पण तिचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. खात्यासारखंच.

समोरच्या धाब्यावर भाऊ पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. गळ्यात मफलर, हातात चिक्की. पाठ बरीचशी आमच्याकडे. मुलीचा पतंग कापला गेला तेव्हा सगळ्यांबरोबर त्याने वळून वर पाहिलं, आणि मग त्याची नजर खाली उतरली ती माझ्यावर. हात फिरकीत अडकलेले होते. मनात दोन महिने घोळवलेलं पुष्कळ काही होतं, माफीचंही होतं. पण त्याच्याकडे बघून ओठ हलले ते सवयीने हलले. आवाज न काढता मी म्हणालो, “नऊ नंबर. धागा तुटतोय.”

त्याने मान फिरवली.

मला माझाच राग आला. त्याची मशिनं घेऊन बसलो, आणि वर त्यालाच गाऱ्हाणं सांगतो! मुलीने दुसरा पतंग चढवला. मी ढील देत राहिलो, पण डोळा समोर होता. बऱ्याच वेळाने तो उठला. चिक्कीचा कागद खिशात घातला. सावकाश चालत कठड्याशी आला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, जसा गल्लीच्या पलीकडे उभा राहायचा तसा.

आधी त्याने दोन्ही हात पसरले आणि काहीतरी जमिनीवर अंथरलं. गोणपाट. मग तांब्याने पाणी ओतल्यासारखं केलं. ओलं गोणपाट. मग अंगठा खांद्यावरून मागे दाखवला आणि ओठांनी म्हणाला, “मांगे. बीमखाले.” बीम म्हणजे मशीनच्या मागचा, ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ. मी पुढच्या बाजूला हात दाखवून विचारलं, इथे? त्याने चिडून मान हलवली, पुन्हा अंगठा मागे नेला, दोनदा नेला. खात्यात नवखा असताना मी चुकलो की अगदी असाच चिडायचा.

शेजारच्या धाब्यावरचे लोक या मुक्या भांडणाकडे बघू लागले होते. मी मान डोलावली. समजलं. आणि वाट बघत राहिलो. तो आता पाची बोटं तोंडाशी नेईल असं मला वाटत होतं. उंधियुची वाटी माझ्या पायाशी तशीच होती. पण तो वळला आणि जिना उतरून गेला.

सुटी संपल्यावर मी घरून गोणपाट घेऊन गेलो. ओलं केलं, नऊच्या मागे, बीमखाली नीट पसरलं. दुपारपर्यंत ते एकदाही थांबलं नाही. मास्तर येऊन उभा राहिला, काही न करता गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मशीन जसजसं सुरळीत चालत होतं तसतसं मला उमगत होतं की भावाने ते मला देऊन टाकलं. परत मागायचं असतं तर त्याने गुपित सांगितलं नसतं. मी मशीनच्या कडेला हात ठेवून उभा राहिलो. लाभपाचमेचं कुंकू अजून पुसटसं होतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला गल्लीत शिरलो तेव्हा तो सायकल भिंतीला लावत होता. मला बाजूने निघून जाता आलं असतं. मी थांबलो.

“भाऊ, नऊ नंबर चाललं.”

“चालनारच.” त्याने मफलर सोडला, झटकला, त्यात अडकलेला मांजाचा एक तुकडा काढून नालीत टाकला. माझ्याकडे न बघता तो कुलूप लावू लागला. मला वाटलं एवढंच. मी आपल्या दाराकडे निघालो.

“जेवना का?”

सतरा वर्षांत हा प्रश्न त्याने मला कधी तोंडाने विचारला नव्हता. आणि लूमवाल्याचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू गेला. नळावरच्या बाया वळून बघू लागल्या. जेवायची ही वेळही नव्हती.

“नही,” मी म्हणालो.

“मंग चाल. वहिनीनी भरीत करेल शे,” तो म्हणाला, आणि लावलेलं कुलूप एकदाच ओढून बघून आत गेला.